एका अर्जावरचे तीन शिक्के

शाळेच्या फाटकासमोरच्या गटाराचं झाकण फुटलं तेव्हा मला नागरिकशास्त्र शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. केंद्र, राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यातली कामाची वाटणी तोंडपाठ होती. सातवीतल्या एका मुलीचा पाय त्या भोकात गेला, घोट्याला टाके पडले, आणि अर्ज घेऊन मी निघाले.

नगरपालिकेत कळलं, रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, त्यांच्या ताब्यात नाही. महामार्गाच्या कचेरीत म्हणाले, आमचं डांबराच्या कडेपर्यंत; गटार राज्याच्या खात्यानं बांधलंय. त्या खात्यातल्या बाबूंनी कपाटातून फाईल काढून दाखवली: गटार बांधून केव्हाच हस्तांतरित केलेलं, देखभाल नगरपालिकेची. कोणीही माझ्याशी खोटं बोललं नाही. प्रत्येकाकडे आपापला कागद होता. माझा अर्ज घड्या घालून घालून मधोमध फाटायला आला होता आणि त्यावर तीन आवक शिक्के होते, दोन निळे, एक जांभळा.

त्या रात्री मी राज्यघटनेची सातवी अनुसूची, म्हणजे कोणता विषय केंद्राचा आणि कोणता राज्याचा याची यादी, पुन्हा काढून बसले. राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत, म्हणजे केंद्राकडे. बाकीचे रस्ते, सांडपाणी, सार्वजनिक आरोग्य, पोलीस राज्यसूचीत. आणि ज्या संस्थेच्या दारात आपण सगळ्यात आधी जातो, ती नगरपालिका? तिची वेगळी सूचीच नाही. ‘स्थानिक शासन’ हा राज्यसूचीतला पाचवा विषय आहे, बस्स. 74 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून नगरपालिकांना घटनेत जागा मिळाली, बाराव्या अनुसूचीत 18 विषय आले. पण ते विषय राज्याच्या विधिमंडळाला त्यांच्याकडे सोपवता ‘येतील’, सोपवावेच लागतील असं नाही. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी वाचत आले आणि त्या एका क्रियापदावर कधी थांबले नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांना मी ‘18 विषय नगरपालिकेकडे आहेत’ असं सांगत होते. ते अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं पैशाचं. मोठे कर वर गोळा होतात, झाडू मात्र खाली मारावा लागतो. ही दरी भरायला वित्त आयोग असतात: केंद्र-राज्यांसाठी केंद्राचा, आणि राज्यानं आपल्या पंचायती-नगरपालिकांना किती द्यावं हे सुचवायला राज्याचा. सुचवायला, हेही लक्षात ठेवायचं. जर्मनीत 2006 साली घटनेतच लिहून टाकलं की केंद्रीय कायद्यानं नगरपालिकांवर परस्पर कामं लादायची नाहीत, कारण लादलेल्या कामांचा खर्च त्यांच्या उरावर बसत होता. मला ते फार पटतं. काम द्यायचं तर त्याच कागदावर पैसा कुठून येणार तेही लिहा.

वाटणी नसावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. फाटकासमोरचं झाकण दिल्लीहून बसवायचं नसतं आणि महामार्ग कुठून न्यायचा हे एका गावानं ठरवायचं नसतं. पण दोन हद्दी जिथे मिळतात त्या वीतभर जागेचं नाव कुठल्याच सूचीत नसतं, आणि मुलीचा पाय नेमका तिथेच गेला.

झाकण शेवटी बसलं. नगरपालिकेच्या एका मुकादमानं आवारात पडलेलं जुनं झाकण हातगाडीवरून आणून बसवलं. त्यांच्याकडे कसलाही आदेश नव्हता. ‘बाई, पोरं जातात येतात हितनं,’ एवढंच ते म्हणाले.

यंदा वाटणीचा धडा मी फळ्यावर घेतला नाही. मुलांना वह्या देऊन फाटकाबाहेर नेलं आणि दिसेल त्या वस्तूपुढे मालकाचं नाव लिहायला सांगितलं. डांबर, पदपथ, दिव्याचा खांब, सिग्नल, झाड, गटार. पुष्कळ ठिकाणी भांडणं झाली. झाडावर तर दोन गट पडले. खांबाशेजारी एक गंजलेली लोखंडी पेटी होती, तिच्यावर नाव नव्हतं, नंबर नव्हता. तिच्यापुढे सगळ्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. ती पेटी कोणाची, हे विचारायला सोमवारी पाच मुलं माझ्याबरोबर नगरपालिकेत येणार आहेत. अर्ज त्यांनीच लिहिलाय.