पहिलं दुकान कुठं?

सोमवार, रात्री अकरा

जेवताना धाकट्या भावाने पुन्हा ॲमस्टरडॅमला दुकान काढायचा विषय काढला. अम्माने कडक भाकरी चुरून त्यावर आमटी ओतली होती, आणि त्याने ताटाशेजारी मोबाइल ठेवून एका रिकाम्या गाळ्याचे फोटो दाखवले. मोठं काचेचं दार, आत जुन्या लाकडाच्या फळ्या. "अक्का, इथं आपली जीन्स टांगलेली नुसती डोळ्यांपुढे आण," म्हणाला. मी आणली, आणि ऊर भरून आला. नानांनी चाळीस वर्षं टॉवेल विणले, पण लेबल कायम दुसऱ्याचं लागलं. आपल्या नावाचं दुकान, तेही परदेशात, या विचाराने त्याला झोप येत नाही, ते मला कळतं.

तरी मी नाही म्हणाले. अम्मासमोर फार बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहून काढतेय.

आमचा जीव केवढा, ते आधी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पत्र्याचं शेड, १४ मशीन, महिन्याला तीनशे-साडेतीनशे जीन्स. पूर्वी इथं फक्त शाळेच्या गणवेशांची शिलाई चालायची. अजूनही जून जवळ आला की निम्म्या मशीन गणवेशावर जातात आणि पगार त्यातूनच निघतात. डेनिम अहमदाबादेहून येतं, १४ औंसाचं, म्हणजे जाड, काठवालं. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकूड. त्याच्या मागावर तो धागा काठाशी तुटत नाही, वळून परत येतो, म्हणून काठ पक्का बसतो. साडीच्या काठाचं कौतुक करणाऱ्या आपल्या बायकांना हे दोन मिनिटांत कळतं. पँटचा पाय उलटा दुमडला की आतल्या शिवणीला ती पांढरी पट्टी आणि लाल रेघ दिसते, आणि दर्दी गिऱ्हाईक पहिल्यांदा तिथंच बघतं.

असला माल विकायचा म्हणजे साइझ लागतात. भाडं, डिपॉझिट, तिथल्या माणसाचा पगार हे सगळं धाकट्याने कागदावर मांडलंय. साइझ मांडलेली नाहीत. आमची फिटिंग तीन. कंबर २८ पासून ३६ पर्यंत प्रत्येक इंचाची आणि वर ३८, म्हणजे दहा. तीन दाहे तीस. एकेका साइझचे चार नग ठेवले तरी १२० जीन्स नुसत्या घालून बघायला फळीवर पडून. महिन्याच्या मालाचा तिसरा हिस्सा. आणि कमी ठेवून चालत नाही, कारण न धुतलेली कोरी डेनिम पहिल्या पाण्याला आटते, कमरेला मात्र घालून घालून सैल पडते. गिऱ्हाइकाला दोन साइझ अंगावर चढवून बघाव्याच लागतात.

पुण्याचं मी अजून विसरले नाही. तीन वर्षांपूर्वी तिथल्या एका दुकानात विकल्यावर पैसे या बोलीवर साठ जीन्स ठेवल्या होत्या. ३२ आणि ३४ पंधरा दिवसांत संपल्या, पण ते आम्हाला कुणी कळवलं नाही. सात महिन्यांनी ४१ जीन्स परत आल्या. काचेजवळच्या फळीवर होत्या. घडीच्या रेषेवर नीळ उडाली होती, प्रत्येक जीन्सच्या मांडीवर आडवी फिकट पट्टी. नीळ धाग्याच्या वरवरच बसते, गाभा पांढरा राहतो. म्हणून तर घालणाऱ्याच्या गुडघ्याला, खिशातल्या पाकिटाला, बसण्या-उठण्याला धरून ती उतरते, आणि त्यासाठीच लोक ही जीन्स घेतात. या ४१ कुणी घातल्याच नव्हत्या. उन्हाने उतरवल्या. मी त्या विकू दिल्या नाहीत, अजून माळ्यावर आहेत.

पुणं अडीचशे किलोमीटरवर आहे. तिथं काय चाललंय ते आम्हाला सात महिने कळलं नाही.

बुधवार

दिवसभर कटिंग. रात्री धाकटा माझ्या शेजारी येऊन बसला, रागात नव्हता. म्हणाला, "जपानी लोकांनी आपल्या जीन्सचं नाव जगभर नेलंच की."

नेलं, पण कसं नेलं ते बघायला पाहिजे. कोजिमा नावाचं गाव आहे, ओकायामाकडे, कुराशिकी शहरात. समुद्र हटवून केलेली जमीन, खारी माती, भात नीट येईना म्हणून लोकांनी कापूस लावला. कापसावरून विणकाम आलं, पट्ट्या आणि पायमोजे झाले, मग शाळेचे गणवेश. जपानभरच्या पोरांचे गणवेश तिथं शिवले जायचे. गणवेशाचं काम उतरायला लागलं तेव्हा त्याच जाड कापडाच्या मशीनवर त्यांनी जीन्स घेतली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेडमध्ये समोर पांढऱ्या शर्टांचे गठ्ठे पडले होते, आणि अंगावर काटा आला. कापड, टॉवेल, गणवेश, मग जीन्स. आपलंच गाव आहे ते.

त्या गावाने बंद पडत चाललेल्या बाजारपेठेतल्या गाळ्यांमध्ये जीन्सची दुकानं थाटली. रस्त्यावर दोरीला जीन्स टांगलेल्या असतात, पताकांसारख्या. लोक विमानाने जपानला जातात आणि तिथून आडवाट करून या गावात येतात. परदेशात त्यातल्या बऱ्याच ब्रँडांचा माल आधी दुसऱ्याच्या दुकानात गेला. सॅन फ्रान्सिस्कोत २००६ साली सेल्फ एज नावाचं दुकान निघालं, तिथं अनेक जपानी ब्रँड एका छताखाली. भाडं त्या दुकानदाराचं, आणि जपानी जीन्स म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला पटवायची जबाबदारीही त्याची.

"म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच फळीवर," धाकटा म्हणाला. पुण्याचं त्यालाही आठवत होतं. मी म्हटलं, हो, पण या वेळी माल रोख विकायचा, बोलीवर ठेवायचा नाही. ज्याने स्वतःचे पैसे घातलेत तो जीन्स उन्हात ठेवणार नाही.

मग त्याने स्वीडनचं काढलं. गोटेनबर्गचा न्यूडी जीन्स, २००१ चा. त्यांची लंडनला, टोकियोला स्वतःची दुकानं आहेत. ते खरं आहे, आणि त्यावर मला विचार करावा लागला. त्या दुकानांत फाटलेली जीन्स फुकट दुरुस्त करून देतात. गिऱ्हाईक घेतल्यावर परत परत येतं, जुनी घेऊन येतं. असं दुकान परदेशात असावं, हे मला पटतं. पण रफू करणारा हात तिथं बसवावा लागेल. आमच्याकडे असा हात एकच, शिलाईच्या मास्तरांचा. त्यांची साठी उलटलीय आणि त्यांचं कसब अजून याच शेडमध्ये दुसऱ्याला शिकवून व्हायचंय. दोन पोरी तयार झाल्या की मी स्वतः या विषयावर परत बसेन, असं त्याला सांगितलं. मनापासून सांगितलं.

त्याने विचारलं, "मग तोवर काय?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण नानांना विचारल्याशिवाय बोलायचं नव्हतं.

रविवार

सकाळी नानांना स्कूटरवर मागे बसवून पूर्व भागातल्या जुन्या कारखान्यात गेले. सोळा मागांपैकी चौदा भंगारात किलोवर गेले. दोन उरलेत, त्यावर अजून चादर निघते, आठवड्यातले तीन-चार दिवस. दार उघडलं की तेलाचा आणि सुताच्या धुळीचा वास येतो. नाना एका मागाच्या फळीवर हात ठेवून उभे राहिले. कांडी, म्हणजे धोट्यातली सुताची गुंडाळी, संपत आली की आवाज बदलतो, ते त्यांना अजून पाठमोरं असताना कळतं.

मी त्यांना सांगितलं, दुकान इथं काढायचंय. पहिलं दुकान इथंच.

सोलापुरात माणसं येतातच. तुळजापूरला जाणारे, अक्कलकोटला, पंढरपूरला जाणारे, हजारो जण इथं उतरतात आणि जाताना चादर घेतात. पानिपतची चादर सोलापुरी म्हणून खपते, जीआय मानांकन असूनही. कारण घेणाऱ्याने ती विणताना कधी बघितलेली नसते. जीन्सचं आमच्या हयातीत तसं होऊ द्यायचं नाही. समोर धोटा पळतोय, काठ कसा बनतो ते दिसतंय, शेजारी मास्तर बॉटमला साखळी टाका मारतायत, अशा ठिकाणी घेतलेली जीन्स तो माणूस पुण्यात, दुबईत, कुठंही नेऊन दाखवेल. 'डंगरी' हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय, इंडिगोच्या नावात तर आपला देशच आहे. हे परदेशी गिऱ्हाइकाला सांगायचंच, तर त्याला इथं बोलावून सांगावं असं मला वाटतं. आणि इथं १२० नग ठेवायची गरजच नाही. शेड वीस मिनिटांवर आहे. ३३ संपली की धाकटा संध्याकाळी गाडीवर टाकून आणेल.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, जकार्ड, म्हणजे नक्षी पाडणारं यंत्र, उतरवलं तर या मागावर डेनिमची तीनास एकची वीण बसेल, रुंदी कमी येईल एवढंच. मी म्हटलं, रुंदी कमीच लागते, काठवाल्याला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी पहिली कांडी न तोडता भरली तेव्हा बघितलं होतं. निळं रंगवलेलं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, कुठून आणायचं, एवढं मात्र शोधावं लागेल.

दुपारी धाकटा आला. ॲमस्टरडॅमचं काही बोलला नाही, मीही नाही. तो रस्त्याकडची भिंत बघत होता. तिथं पूर्वी दार होतं, विटांनी बुजवलंय, चौकटीची रेघ अजून दिसते. त्याने खिशातली शिलाईची टेप काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. साडेचार फूट भरलं. "काच बसेल," म्हणाला. मी म्हटलं, बसव, पण फळ्या त्या बाजूला नकोत, दुपारचं ऊन तिथूनच येतं.