शंभर सीसीवर जळगाव ते तोरणमाळ

जानेवारीतल्या त्या दिवशी गजर न लावता साडेचारला जाग आली. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात 30 वर्षं मेंटेनन्सला काढली, त्यातली बरीचशी पहिल्या पाळीत. नोकरी सोडून चार महिने झाले, तरी शरीर पाळी विसरलेलं नाही. त्या दिवशी गाडी मात्र एमआयडीसीकडे न वळता ममुराबादच्या रस्त्याला लागली, सातपुड्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जायला. सोबत आमच्याच खात्यातून सुटलेला एक जोडीदार, त्याची वेगळी गाडी. दोन्ही गाड्या शंभर सीसीच्या, आजवर घर ते कारखाना एवढंच अंतर धावलेल्या.

मी 53 व्या वर्षी बाहेर पडलो, त्यामागे आमचे जुने फोरमन आहेत. त्यांचा सातपुडा बघायचा बेत माझ्यासमोर वीस वर्षं शिजत होता. 58 ला निवृत्त झाले तेव्हा गुडघे गेले होते, आणि मनगटात क्लच दाबायची ताकद उरली नव्हती. गाडीची किल्ली खुंटीवर राहिली. ती किल्ली बघून आल्यावर मी त्याच रात्री वही काढून हिशेब मांडला.

तो हिशेब आधी सांगतो, कारण बरेच जण गाडी घेतात आणि मग पैशाचं बघतात. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून, तोही प्रामुख्याने मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर. 30 वर्षांचे साधारण सव्वासतरा पगार होतात. प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन पूर्ण हवी तर 58 पर्यंत थांबावं लागतं. 50 नंतर लवकर घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात, आणि ती कायमची. मी पेन्शनला हात लावलेला नाही, मधली पाच वर्षं फंडाच्या व्याजावर आणि थोड्या शेतीवर काढणार आहे. आरोग्य विमा मात्र नोकरीत असतानाच काढा. आधीपासूनच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती वर्षं पगार चालू असताना सरलेली बरी.

विदगावच्या पुलावर तापीवरून येणाऱ्या वाऱ्याने बोटं बधिर झाली. खान्देशात उन्हाळा एवढा कडक, की थंडीची तयारी करायचं कोणाच्या मनातच येत नाही. पण जानेवारीत पहाटे हातमोजे आणि छातीवर वारा अडवणारं काहीतरी हवंच. पुढे धानोरा, अडावद, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. अडावदहून सातपुड्याच्या पायथ्याकडे आत वळलं की उनपदेव. गोमुखातून गरम पाणी अखंड पडत असतं. तिथे हात धरले आणि बोटं मोकळी झाली. वळसा थोडाच आहे, चुकवू नका.

अडावदवरून जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गच चोपडा, शिरपूर करत शहाद्याला नेतो. शिरपूरला आग्रा रोड, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग, ओलांडावा लागतो, तिथे घाई नको. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि कपाशीने फुगलेल्या गाड्या रस्ताभर असतात, कित्येकांना मागे दिवाच नसतो. म्हणून आमचा नियम एकच होता: दिवस मावळायच्या आत गाडी स्टँडवर.

आणखी एक नियम कारखान्यातून आणला. एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणारं यंत्र, कितीही चांगला असला तरी त्याच्या बॅरलचं, तापत्या नळीचं, तापमान बघत राहावं लागतं. तसंच दर तासाला थांबून आम्ही चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, हाताने चाचपायचो, नट बघायचो, मग स्वतःचे खांदे आणि मनगटं सोडवायचो. पन्नाशीनंतर कंबर बोलते, पण ती उशिरा बोलते. दुखायची वाट बघू नका. दुपारी शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर पुढचे दोन तास पोटात भट्टी.

एकूण अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, एका दिवसात होण्यासारखं. तरी आम्ही शहाद्याला मुक्काम केला, आणि तो निर्णय बरोबर ठरला. सकाळी टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कथा चालनात भाऊ?" म्हणजे कुठे निघालात. तोरणमाळ म्हटल्यावर त्यांनी आमच्या गाड्यांकडे बघितलं आणि टाकी भरून घ्यायला सांगितलं. तुम्हालाही तेच सांगतो. पेट्रोल शहाद्यातच भरा, वरच्या भरवशावर राहू नका. मुक्कामाची खोलीही आधीच फोनवर पक्की करा. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाची यात्रा भरते, तेव्हा गर्दी फार असते. निवांत बघायचं असेल तर ते दिवस टाळा.

म्हसावद, राणीपूर मागे पडलं की चढ सुरू होतो. घाटाच्या तोंडाशीच माझी क्लच केबल तुटली. निघायच्या आधी जुन्या केबलला लागूनच नवी केबल टेपने बांधून ठेवली होती. टोकं बदलली, ताण लावला, पंधरा मिनिटांत गाडी चालू. ही युक्ती फुकटची आहे आणि जंगलात लाखमोलाची. सोबत एक ट्यूब, हातपंप, प्लग आणि पाना ठेवा.

सातपायरी घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. वळणं एकावर एक रचल्यासारखी आहेत. वर, साडेअकराशे मीटरच्या आसपास, यशवंत तलाव अचानक समोर येतो. आम्ही हेल्मेट काढून काठावर बसलो. कानात अजून लूमचा, चटई विणणाऱ्या मागाचा, खडखडाट राहतो माझ्या, तीस वर्षांचा. त्या पाण्यापाशी तो ऐकू आला नाही. किती वेळ बसलो ते घड्याळात पाहिलं नाही, आणि पाहायचं कारणही नव्हतं. सीताखाई संध्याकाळच्या उन्हात बघा. खोल दरी आहे, कड्याच्या टोकाशी फोटोसाठी जाऊ नका. वस्ती पावरा आणि भिल्ल लोकांची आहे. घरांचे, बायामाणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. रात्री थंडी हाडात शिरते, दोन पांघरुणं मागून घ्या.

उतरताना खरी परीक्षा. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो, आणि तापलेला लायनर, म्हणजे आतली घासपट्टी, धरत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, वेग इंजिनालाच धरू द्या, ब्रेक थोडा दाबून सोडा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवायचा मोह तर अजिबात नको.

परतीला सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडली. दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार डिसेंबरात होऊन गेलेला. पुढे दोंडाईचा, शिंदखेडा, बेटावद करत अमळनेर. साने गुरुजींनी जिथे शिकवलं ती शाळा बाहेरून पाहिली, आणि धरणगावमार्गे उजेडी जळगावात पोचलो.

दुसऱ्या दिवशी फोरमनसाहेबांकडे गेलो. फोटो त्यांनी भरभर सरकवले. मग विचारलं, "घाट कोणत्या गिअरला चढला?"

"दुसऱ्या."

"आणि उतरताना?"

"दुसराच."

त्यांनी मान हलवली आणि आत चहा सांगितला.