कार्बनडेल ते लव्हलँड: शर्यत पुरी, गुण उणे

विमान शर्यतीचे गुण लागले: उणे १.४. आमच्या सेस्ना १७२ ला ११७.६ नॉटचा हँडिकॅप मिळाला होता (म्हणजे आधीच्या चाचणी उड्डाणावरून ठरवलेला त्या विमानाचा वेग; एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आणि शर्यतभरात जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग पडला ११६.२. या दोहोंतला फरक म्हणजे गुण. यादीत आमचं नाव खालून शोधलं तर लवकर सापडतं. पण आहे, आणि विमान, माझ्या जोडीदार वैमानिक ताई आणि मी, तिघंही धड आहोत.

ही नोंद पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. एअर रेस क्लासिक ही अमेरिकेतली फक्त बायकांची शर्यत. विमानात किमान दोघी, अंतर सुमारे २४०० मैल, मुदत चार दिवस. उडायचं ते दिवसाउजेडी आणि ढगात न शिरता. २०२४ ला, १८ जूनला इलिनॉयमधल्या कार्बनडेलहून सुटून २१ तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कोलोरॅडोतल्या लव्हलँडला पोचायचं होतं. मधल्या प्रत्येक थांब्यावर धावपट्टीजवळ एक वेळेची रेघ असते. ती पूर्ण थ्रॉटलने (इंजिनाची सगळी ताकद लावून), जमिनीपासून काहीशे फुटांवरून ओलांडायची, की वेळ टिपली जाते. मग हवं तर उतरा, हवं तर तसंच पुढे जा. उतरलात तर पुन्हा निघेपर्यंत घड्याळ बंद.

खरी मेख इथेच आहे. जमिनीवर घालवलेला वेळ धरत नाहीत. कोणाचं इंजिन मोठं, कोणाचं लहान, ते सगळं हँडिकॅपमध्ये वळतं होतं. उरतो वारा. त्यामुळे सगळ्यात शेवटी पोचलेली जोडीसुद्धा पहिली येऊ शकते, कारण ती बाकड्यावर बसून बरोबर वाऱ्याची वाट बघत होती. हे मला सहा महिने तोंडपाठ होतं. पाठ असणं आणि दुपारी दोनला, सगळी विमानं एकेक करून निघून जात असताना, आपण बसून राहणं यात फार अंतर आहे.

पहिला दिवस छान गेला. सुटताना विमानं ओळीने, थोड्या थोड्या सेकंदांनी सोडतात. पुढच्या विमानाची शेपटी दिसतेय तोवर हात ओला आणि तोंड कोरडं. एकदा वर गेलं की मात्र लग्नघरातून बाहेर आल्यासारखं शांत वाटतं. त्या आठवड्यात उकाडा भयंकर होता. खाली एक हजार फुटांवरून जाताना शेतांवरचे थर्मल (तापल्या जमिनीवरून वर उठणारे हवेचे झोत) विमानाला असे उचलून आपटत होते की ताईंच्या मांडीवरची दशमी दोनदा मागच्या सीटवर गेली. पण समोरचा वारा खालीच कमी होता, म्हणून खालीच राहिलो. दिवसअखेर हिशेब केला तर गुण अधिक होते. ताई म्हणाल्या, "कागदावर लिहून ठेव गं. उद्या बघायला बरं वाटेल." ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, नागपूरच्या, आणि उकाड्याबद्दल त्यांनी चार दिवसांत एक शब्दही काढला नाही. तिथे वाढलेल्या माणसाला इलिनॉयचा जून म्हणजे हवापालटच.

दुसऱ्या दिवशी मी माती खाल्ली. अंदाजात ६००० फुटांवर मागून वारा होता. मी म्हटलं, वर जाऊ. ताई म्हणाल्या, टप्पा लहान आहे, चढण्यात जाईल सगळं. मी ऐकलं नाही. दोघी, भरलेल्या टाक्या आणि गरम हवा, त्यामुळे चढ मिनिटाला साडेचारशे फुटांच्या वर जाईना. साडेसहा हजारांवर पोचायला तेरा मिनिटं लागली, तीही जेमतेम ८० नॉटने. वर गेल्यावर वारा मागून नाही, तिरका निघाला. हाती आले चार नॉट. रात्री मोटेलमध्ये पेन्सिलीने मांडलं: चढण्यात घालवली चार मिनिटं, वाऱ्याने दिली तीन. एवढा घाम गाळून एक मिनिट विकत घेतलं, तेही तोट्याचं. १७२ वाल्यांनी लिहून ठेवा: टप्पा दोनशे मैलांच्या आतला असेल तर मागचा वारा भरभक्कम असल्याशिवाय वर जाऊ नका. ताईंनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. नुसती लसणाच्या चटणीची बाटली माझ्याकडे सरकवली.

तिसऱ्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. वादळं समोर उभी होती, आम्ही एका छोट्या विमानतळावर पाच तास बसलो. फुकटचे पॉपकॉर्न खाल्ले. या वेळी बसून राहिलो, आणि वादळं सरल्यावर वारा फिरलाही. त्या एका टप्प्याने बरंच भरून निघालं.

चौथ्या दिवशी सकाळी मॅग चेकला, म्हणजे प्लगांना ठिणगी पुरवणारे दोन मॅग्नेटो उडण्याआधी एकेक करून तपासताना, उजव्या मॅग्नेटोवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) दोनशेने पडले. मर्यादा दीडशेची. शिवाय इंजिन असं हादरायला लागलं की डॅशबोर्डवरची पेन्सिल गडगडत खाली आली. मिक्श्चर पातळ करून (हवेच्या मानाने पेट्रोल कमी करून), थ्रॉटल वाढवून प्लगवरची घाण मिनिटभर जाळून बघितलं. नाही. पुन्हा केलं. नाही. पाचची मुदत, हातात शेवटचे दोन टप्पे, आणि आम्ही विमान परत ढकलत बांधायच्या जागी नेतोय.

प्लग काढायचा पाना आमच्याकडे नव्हता. हे लिहायलाही लाज वाटते. शेजारच्या विमानातली एकजण मुळात मेकॅनिक. तिने विचारलंही नाही, पाना घेऊन आली आणि काउलिंगचे (इंजिनावरच्या झाकणाचे) स्क्रू फिरवायला लागली. अधिकाऱ्यांना कळवून खालचे प्लग एकेक काढले. तिसऱ्यात सापडलं: दोन इलेक्ट्रोडांच्या बरोबर मधे शिशाची गोळी, ज्वारीच्या दाण्याएवढी, राखाडी आणि चकचकीत. आपल्या विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतंच. इंजिन थंड आणि मिक्श्चर जाड असलं की ते नीट जळून बाहेर पडत नाही, प्लगमध्ये साठतं. आणि आदल्या संध्याकाळी लांबलचक टॅक्सीवेवर (धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्यावर) मिक्श्चर पातळ करायला कोण विसरलं? मीच. पिनेने टोकरल्यावर गोळी टक्कन निघाली. प्लग पुसला, फट तपासली, परत बसवला. उजवीकडचा फरक नव्वदवर आला. मेकॅनिकबाई आमच्या आधी उडून गेल्या. त्यांनी आमच्यासाठी पाऊण तास घालवला होता, घड्याळाचा नसला तरी मुदतीचा.

जेआरडी टाटांची गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नाही. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यातलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले, अॅस्पी इंजिनियर नावाचे दुसरे वैमानिक इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकिरला दोघांची गाठ पडली. अॅस्पी प्लगसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याकडचे दिले, आणि पुढे अॅस्पीच जिंकले, काही तासांच्या फरकाने. शाळेत ही गोष्ट ऐकताना मला ती मोठेपणाची वाटायची. आता वाटतं, धावपट्टीवर प्लग हातात धरून उभ्या माणसाला बघून दुसरा वैमानिक वेगळं काही करूच शकत नसावा.

शेवटचा टप्पा. जमीन आपसूक वर येत राहते आणि अल्टिमीटर (उंची दाखवणारा काटा) हलला नाही तरी खालची शेतं जवळ येतात. मग क्षितिजावर एक निळसर रेघ, जी ढग असावी असं वाटत राहतं आणि ढग नसते. लव्हलँडचा विमानतळच ५०१६ फुटांवर. दुपारी तीस अंशांत विमानाला ते आठ हजारांसारखं वाटतं. पंख आळसावतात, इंजिन धापा टाकतं. पूर्ण थ्रॉटल देऊनही टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा २७०० च्या लाल रेघेच्या जवळपासही जाईना. कार्बनडेलला हाच काटा मला आवरावा लागत होता.

ताई रेडिओवर, मी नाक किंचित खाली दाबून. रेघ गेली ती कळलीच नाही, नुसता रेडिओवर आमचा नंबर ऐकू आला. वळसा, मिक्श्चर पातळ ठेवूनच उतरणं, चाकं टेकली. टॅक्सी करताना ताईंनी माझ्या हाताकडे बघून विचारलं, "मिक्श्चर?" पातळच होतं. चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

१९२९ मध्ये अमेरिकेत झालेल्या बायकांच्या पहिल्या विमान शर्यतीत, सांता मोनिका ते क्लीव्हलँड, लुईस थेडन जिंकली आणि अमेलिया इअरहार्ट तिसरी आली. थेडनच्या विमानात इंजिनाचा धूर कॉकपिटमध्ये यायचा, म्हणून ताज्या हवेसाठी तिला तोंडाशी एक नळी बसवून दिली होती. त्या नळीने श्वास घेत ती देश ओलांडून गेली. उकाड्याबद्दल मी वर लिहिलेलं तेवढं सोडून द्या.

पुढची कामं: सगळे प्लग साफ करून वरचे खाली, खालचे वर. तेल बदलायचं. पाना विकत घ्यायचा. सामान उपसताना मेकॅनिकबाईंचा पाना आमच्याच पिशवीत निघाला, दशम्यांच्या डब्याखाली. ताई म्हणतात, पाठवतेस तर सोबत चटणीची बाटलीही टाक. उद्या पोस्टात जाते.