बाईंची वजाबाकी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘माझ्या यशातील शाळेचा वाटा’ या विषयावर लिहावे, असे समितीचे पत्र आले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ना इमारत आली ना मैदान. आठवी ‘अ’च्या फळ्यावरची एक वजाबाकी तेवढी दिसली.

साल १९७१. बाई आम्हाला गणित शिकवीत आणि शुक्रवारी पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तासही घेत. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मी त्या तासाला बाकाखाली भूमितीची वही उघडून बसत असे. एका शुक्रवारी बाईंनी ते पाहिले. न रागावता त्यांनी मला फळ्यापाशी बोलावले आणि बायबलातील ‘शास्ते’ या पुस्तकातल्या गिदोनाचे, म्हणजे इस्राएलाच्या एका सेनानायकाचे, सैन्य मांडायला लावले. एकूण ३२,०००, त्यांतले भ्यालेले २२,००० घरी परतले, झऱ्यावर पाणी पिण्याच्या रीतीवरून आणखी ९,७०० गळले, उरले ३००. समोर शत्रू, म्हणजे मिद्यानी लोक व त्यांचे साथीदार, १,३५,०००. एकेकाच्या वाट्याला किती? चारशे पन्नास, असे मी तत्काळ सांगितले आणि वर मोठ्या आत्मविश्वासाने हेही म्हणालो, “बाई, लढाईला माणसे वाढवावी लागतात, इथे तर उलटेच चालले आहे.”

“बरोबर. ही वजाबाकी कोणी केली आणि कशासाठी, ते सातव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात वाच,” बाई म्हणाल्या. आमच्याच हातांनी आमचा बचाव झाला, अशी बढाई इस्राएलाने मारू नये म्हणून परमेश्वराने माणसे कमी केली, असे तिथे लिहिले होते. मी ते वाचले आणि खाली बसलो; पटले मात्र मुळीच नाही.

बाईंचा विश्वास आळशी नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. पायऱ्या न लिहिता काढलेल्या उत्तराला त्या गुण देत नसत, आणि गिदोनाच्या तीनशेंनाही शंभरांच्या तीन टोळ्या, रणशिंगे, मडकी आणि मशाली लागल्याच, याची आठवण त्या आवर्जून देत. केडगावच्या मुक्ती मिशनला आमची सहल नेली, तेव्हा तिथल्या आवारात त्यांनी पंडिता रमाबाईंविषयी जे सांगितले, तेही असेच होते. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, त्या विदुषीने १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही, आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता पण ख्रिस्त गवसला नव्हता, अशी कबुली पुढे दिली. एवढ्या मोठ्या बुद्धीलाही टेकायला जागा लागते, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

मी स्थापत्य अभियंता झालो, कॅम्पात स्वतःचे कार्यालय थाटले आणि रविवारी उपासनेला जात असूनही भरवसा ठेवला तो स्वतःच्या आकडेमोडीवरच. २०२० च्या ऑगस्टमध्ये पत्नी आणि मी एकाच आठवड्यात कोरोनाने आजारी पडलो आणि दोन वेगळ्या वॉर्डांत गेलो. ओळखीपाळखी होत्या, पण कोणाला भेटायला येता येत नव्हते. पैसा होता, पण त्याने श्वास मिळत नव्हता. बुद्धी होती, पण ती रात्रभर नुसती घाबरत होती. अशा एका सकाळी बाईंचा फोन आला. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा, कापरा, पण तासावरचाच आवाज. त्यांनी एवढेच विचारले, “किती उरले?”

“काहीच नाही, बाई,” मी म्हणालो.

“मग आता प्रार्थना करू या.”

त्यांनी प्रार्थना केली. शाळेत त्या वेळी मी डोळे मिटून सूत्रे आठवत असे; त्या दिवशी पहिल्यांदा आठवायला काही नव्हते. पत्नी घरी परत आली नाही. तरीही त्या सकाळी ज्याच्या हाती स्वतःला सोपवले, त्याच्या हातून मी स्वतःला पुन्हा काढून घेतलेले नाही, आणि हे बाईंना त्यांच्या हयातीत सांगता आले, याचे समाधान फार मोठे आहे.

आता गणिताचे तास पडद्यावर चालतात आणि आठवी ‘अ’चा तो फळा निघाला, याची हळहळ वाटते. नव्या प्रयोगशाळेचा आराखडा मी करून दिला म्हणून कोनशिलेवर माझे नाव घालण्याचे समितीने ठरवले होते. ते घालू नये, बाईंचे घालावे, अशी विनंती मी केली. समितीने बाईंच्या मुलीला विचारले, तेव्हा तिनेही नकार दिला आणि कारण म्हणून तेच सातव्या अध्यायाचे दुसरे वचन लिहून पाठवले.