कमी खर्चात मुलांसोबत ट्रिप: आम्ही जागा कमी केल्या, दिवस नाही

मुलं झाल्यावर आमची पहिली मोठी ट्रिप पाच दिवसांची होती आणि त्यात आम्ही चार ठिकाणं बसवली होती. एवढे पैसे घालून जातोय तर सगळं बघून येऊ असं वाटलं होतं. लेक तेव्हा सहा वर्षांची आणि धाकटा दोनाला टेकलेला. परत आल्यावर हिशोब लिहायला बसले तर बजेटच्या जवळपास दीडपट खर्च झालेला, आणि गंमत म्हणजे तिकिटं आणि रूम तर आधीच बुक होत्या, त्यात एक पैसाही वाढला नव्हता. मग पैसे गेले कुठे? तो हिशोब मी नीट तारखेप्रमाणे लावला तेव्हा कळलं की ज्या ज्या दिवशी आम्ही जागा बदलली त्या त्या दिवशी खर्च उसळलाय.

नीट बघितलं तर कारण साधं आहे. चेकआऊट बहुतेक ठिकाणी सकाळी दहा-अकराला असतं आणि पुढच्या ठिकाणी चेकइन दुपारी दोन-तीनला. मधले चार-पाच तास तुम्ही दोन मुलं, तीन बॅगा घेऊन रस्त्यावर. मग सामान आहे म्हणून बसऐवजी टॅक्सी, मुलं भुकेली आहेत म्हणून समोर दिसेल ते हॉटेल, धाकट्याला झोपायचंय म्हणून कुठेतरी एसीत बसायचं तर तिथे काहीतरी ऑर्डर करायलाच लागतं. यातलं काहीच उधळपट्टी म्हणून केलेलं नसतं, पण पैसे जातात आणि दिवसही जातो. पाच दिवसांत चार ठिकाणं म्हणजे असे तीन दिवस.

तेव्हापासून आमचा नियम झालाय, एक ट्रिप एक मुक्काम, फार तर दोन. आजूबाजूचं जे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे तेवढंच बघायचं, बाकीचं राहू दे. सलग जास्त रात्री राहिलं की बऱ्याच ठिकाणी रेट कमी लावतात, आणि भाड्याच्या घरांना जे सफाईचे वेगळे पैसे असतात ते एकदाच भरायचे असतात, त्यामुळे दोन रात्रींसाठी महाग पडणारं घर सहा रात्रींना परवडतं. म्हणून घरं शोधताना एका रात्रीचा रेट बघून ठरवू नका, शेवटच्या पानावर टॅक्स आणि सगळं धरून जो आकडा येतो त्याला रात्रींनी भागा आणि मगच दोन घरांची तुलना करा.

आणि किचन असलेली जागा घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते. चार माणसं, तीन वेळा जेवण, पाच दिवस म्हणजे साठ ताटं होतात! सगळी बाहेर खाल्ली तर कितीही स्वस्त रूम घ्या, काही उपयोग नाही. मी काही सुट्टीत स्वयंपाक करत बसत नाही, तो हट्ट नकोच, पण नुसता नाश्ता रूमवर केला तरी साठातली वीस ताटं कमी झाली, आणि मुलं उठल्या उठल्या खायला मागतात तेव्हा कोणाला तयार होऊन बाहेर पळावं लागत नाही. रात्रीचं जेवण कधी केलं तर केलं. वॉशिंग मशीन असेल तर अजून उत्तम, कपडे निम्मे न्यायचे, बॅगेच्या जादा वजनाचे पैसे वाचतात.

बुकिंग करताना एक चूक आम्ही केली ती सांगते. सर्चमध्ये मी फक्त दोन मोठी माणसं टाकली होती, मुलं लहानच आहेत, झोपतील आमच्यात असं धरून. तिथे पोचल्यावर काउंटरवर म्हणाले मोठ्या मुलीचं वय आमच्या फ्रीच्या मर्यादेत बसत नाही, एक्स्ट्रा बेड घ्यावाच लागेल, आणि त्या वेळी रात्रीचे नऊ वाजलेले, मुलं पेंगलेली, तुम्ही काय वाद घालणार? प्रत्येक हॉटेलची ही वयाची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे मुलांची खरी वयं टाकूनच सर्च करा आणि शंका असेल तर लेखी विचारून ठेवा. विमानाचंही तसंच आहे, दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसून खूप कमी पैशात जातं, पण ते वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, बुकिंगच्या दिवशीचं नाही. ट्रिपच्या मध्येच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला बहुतेक ठिकाणी पूर्ण सीट घ्यावी लागते.

रात्रीच्या प्रवासाने एका मुक्कामाचे पैसे वाचतात असं सगळे म्हणतात. मोठ्यांसाठी ठीक आहे. लहान मुलं बरोबर असतील तर माझं मत विरुद्ध आहे, कारण सकाळी सहाला पोचता, रूम दुपारी मिळणार, मुलं अर्धवट झोपेतली, आणि मग शेवटी लवकर चेकइनचे पैसे भरता किंवा तो अख्खा दिवस रडारडीत जातो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, त्याहून लहानांना अजून जास्त. ती झोप ट्रिपमध्येही लागतेच.

गाडी लागण्याचं पण लिहून ठेवते, कारण आमच्या लेकीला भयंकर त्रास व्हायचा. साधारण दोन ते बारा वर्षं या वयात तो सगळ्यात जास्त असतो. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय आणि डोळे मोबाईलवर खिळलेले असले की ते सांगतात आपण स्थिर आहोत, या गोंधळात मळमळतं. चालत्या गाडीत स्क्रीन बंद केली आणि तिला समोर लांब बघायला लावलं, गाणी-गोष्टी सुरू केल्या, तेव्हा खूप फरक पडला.

तारखांमध्ये शाळेमुळे फारसं हातात नसतं. तरी सुट्टीचा पहिला आठवडा गर्दीचा असेल तर मधला बघा, शुक्रवारऐवजी मंगळवार-बुधवारी निघा. ऑफिसवाल्या भागातली हॉटेलं उलट शनिवार-रविवारी स्वस्त असतात. आणि मुलं अजून शाळेत जात नसतील तर प्लीज ऑफ सीझनला फिरून घ्या, ही सवलत दोन-तीन वर्षंच असते.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र फुकट आहे. नेदरलँड्समध्ये साधारण दीड हजार लोकांचा अभ्यास झाला होता, २०१० मध्ये तो छापून आला, त्यात दिसलं की सुट्टीला जाणारे लोक जायच्या आधी जास्त खूश असतात, आल्यावर तो आनंद बहुतेकांचा फार टिकत नाही. मला हे वाचून इतकं पटलं! मग आम्ही ट्रिप दोन महिने आधी मुलांना सांगायला लागलो, भिंतीवर नकाशा लावतो, लेक त्यावर रोज काहीतरी चिकटवते, दोघांना एकेक गोष्ट निवडायला देतो आणि ती काहीही झालं तरी करतो. लेकीला खरेदीसाठी ठरावीक पैसे तिच्याच पर्समध्ये देतो. पहिल्या वेळी तिने तीन दुकानं फिरून काहीच घेतलं नाही, म्हणाली विचार करते, आणि शेवटच्या दिवशी भावासाठी भोवरा घेतला.

त्या चार ठिकाणांच्या ट्रिपमधलं तिला काय आठवतं हे मी मध्यंतरी विचारलं. एका हॉटेलचा लाकडी जिना, तिथे ती आणि बाबा रात्री पायऱ्या मोजत बसले होते. बाकी तीन ठिकाणांची नावंही तिला सांगता आली नाहीत. यावेळी आम्ही सहा रात्री एकाच घरात राहणार आहोत, समोर मोकळं मैदान आहे, आणि धाकटा रोज रात्री विचारतो, अजून किती वेळा झोपायचं मग जायचं?