भिगवणला जाताना खांद्यावर काय घ्यावं

लांबचे पक्षी टिपायची निकॉनची २००-५०० मिमी लेन्स २३०० ग्रॅमची आणि माझा डी५०० कॅमेरा बॅटरीसकट ८६० ग्रॅमचा. दोन्ही जोडलेल्या अवस्थेत मोजले तर लांबी साधारण ३४ सेंटीमीटर भरते. उजनी धरणाच्या काठी पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भिगवणला जायचं ठरलं तेव्हा पक्ष्यांच्या आधी या ३४ सेंटीमीटरचाच विचार करावा लागला. पाठीवरची बॅग होती घरात, आणि गडावर जायला ती उत्तमच आहे. पण ती उघडायची म्हणजे आधी खांद्यावरून उतरवा, आडवी करा, मग सगळी चेन फिरवा. भिगवणजवळच्या कुंभारगावच्या होड्या अरुंद, बसायला आडवी फळी आणि पायाशी थोडंफार पाणी असतंच. तिथे बॅग आडवी करणार कुठे?

मुंबईत काम निघालं होतं, तेव्हा फोर्टातल्या बोरा बाजारात शिरलो. कॅमेऱ्याची दुकानं एकाला लागून एक असलेली ही गल्ली. जाताना लेन्स जोडलेला कॅमेराच सोबत नेला होता, कारण बॅगेच्या लेबलवरच्या मापांवर माझा विश्वास नाही. ती मापं बहुधा बाहेरची असतात आणि आतला फोम दोन्ही बाजूंनी जागा खातो. शिवाय हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं कडं) उलटा बसवला की लेन्सची जाडी वाढते, आणि लेन्सला असलेला ट्रायपॉडचा पाय खाली लोंबत असेल तर झाकण लागतच नाही. (लेन्सभोवतीची कॉलर सैल करून पाय बाजूला फिरवावा, दोनेक बोटं जागा वाचते.) दुकानदार प्रत्येक बॅगेला एकच वाक्य म्हणत होता, "सर, सब आ जायेगा." सगळं येत होतंही, फक्त लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवून, दोन कप्प्यांत. उडत्या पक्ष्यासमोर बसून कोण जोडाजोडी करणार?

खांद्यावरच्या कॅमेरा बॅगा बहुतेक अशाच का असतात, याचं कारण जुनं आहे. बॅगेचा हा घाट, म्हणजे आकार, बातमीदारी करणाऱ्या छायाचित्रकारांनी रुळवला. जिम डोमके हा फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रातला छायाचित्रकार. १९७०च्या दशकात त्याने स्वतःच्या गरजेपोटी कॅनव्हासची एक मऊ बॅग बनवली आणि तिचा पुढे ब्रँड झाला. दोन कॅमेरे, तीन-चार मध्यम लेन्सेस, सगळं उभं, वरून हात घातला की हाताशी. रस्त्यावर, सभेत, मोर्चात याहून सोयीचं काही नाही. इंग्लंडच्या बिलिंगहॅम या बॅगा बनवणाऱ्या कंपनीने तर सुरुवात मासेमारीच्या पिशव्यांपासून केली होती. पण या घाटात ३४ सेंटीमीटर उभे केले की बॅग बादलीसारखी उंच होते आणि हेलकाव्याला कलंडते. मोठ्या लेन्सला बॅग लांबट हवी, लेन्स आत आडवी झोपणारी, आणि झाकण एका पूर्ण लांबीने उघडणारं.

शेवटी आतून ३६ सेंटीमीटर लांब असलेली एक राखाडी बॅग घेतली. दुकानातच स्टुलावर बसून ती मांडीवर घेतली, डाव्या हाताने धरली आणि उजव्या हाताने कॅमेरा बाहेर काढून पाहिला. झाकण माझ्याकडून समोर उघडत होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण झाकण पोटाकडे उघडणारं असेल तर बसलेल्या माणसाच्या कोपरालाच ते आडवं येतं. दुकानदाराला माझी ही स्टुलावरची कवायत फारशी आवडली नसावी.

पुण्याहून स्वारगेटच्या एसटीने सोलापूर रस्त्याला लागलो. भिगवण शंभरएक किलोमीटरवर. कॅमेरा, लेन्स, लहान लेन्स, बॅटऱ्या आणि बॅगेचं स्वतःचं वजन धरून ओझं पाच-साडेपाच किलोचं झालं होतं. वरच्या फळीवर टाकायची हिंमत नाही, त्यामुळे सगळा प्रवास मांडीवर. एवढं वजन एका खांद्यावर घेऊन तास-दोन तास चालणं शहाणपणाचं नाही, हे इथेच सांगून टाकतो. ज्यांना चालायचं आहे त्यांनी पाठीवरचीच बॅग घ्यावी. खांद्यावरची बॅग बसून काम करणाऱ्याची: होडी, जिप्सी, गाडीची खिडकी. पट्टा दोन इंच तरी रुंद असावा, त्याचं पॅड खांद्यावरून घसरू नये, आणि तो बॅगेला फक्त वरच्या कडेवर न शिवता बाजूने खालपर्यंत नेलेला असावा. आधी शिवण उसवते, कापड नंतर फाटतं.

उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागे पसरून हा सगळा पाणथळ पट्टा तयार झाला. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी भरपूर असतं, म्हणून रोहितांची (फ्लेमिंगोंची) घाई करू नये. पाणी उतरून उथळ चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडू लागल्या की त्यांना खायला जागा मिळते. त्या दृष्टीने फेब्रुवारी-मार्च बरा. आम्ही कुंभारगावातच मुक्काम केला आणि उजाडायच्या आधी काठावर गेलो.

आमचे नावाडी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या घरातले. पक्षी आम्हाला दुर्बिणीत सापडायच्या आधी त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसत. बॅग बघितल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "खाली ठिवू नगा सायेब, पाणी हाय." मी फळीवर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ठेवली. लाइफ जॅकेट घातलं होतं, त्यामुळे पट्टा गळ्यातून तिरका घेतला नाही. पाण्यात पडलोच तर पाच किलोचं वजन अंगाला बांधलेलं नको. पट्ट्याचा एक वेढा मात्र फळीला घालून ठेवला.

नदीसुरय डोक्यावरून चकरा मारत होते, शेकाटे काठाला, पट्टकादंब जरा लांब. उथळात आल्यावर नावाड्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी पुढे ढकलायला लागले. समोर रोहितांचा थवा, माना खाली, चोची उलट्या करून चिखल गाळत असलेला. तेवढ्यात शेजारच्या होडीत कुणीतरी बॅगेचं वेल्क्रो झाकण उघडलं. तो कर्र आवाज त्या शांततेत इतका मोठा झाला की कडेच्या चार-पाच पक्ष्यांनी माना वर केल्या आणि ते चालू लागले. आमचे नावाडी पुटपुटले, "असं केलं की उडत्याल." रोहित आधी चालतात, मग भराभरा चालतात, आणि तरीही होडी पुढे येत राहिली तर पाण्यावर धावत उठतात. ते धावणं फोटोत सुंदर दिसतं, पण त्यासाठी त्यांना उठवणं मला पटत नाही. खाणं सोडून उडण्याची किंमत ते पक्षी मोजतात. आमची होडी तिथेच थांबवायला सांगितली.

वेल्क्रोची खोडच मुळी घरी सोडावी. काही बॅगांत ते झाकून टाकायची सोय असते, नसेल तर वरून कापडाची पट्टी शिवून घ्यावी. मी घेतलेल्या बॅगेला चेन आणि दोन क्लिपा आहेत. होडीत शिरल्यावर चेन उघडी ठेवून नुसतं झाकण पाडून ठेवलं की आवाजाचा प्रश्न येत नाही, आणि वल्ह्याचे शिंतोडेही आत जात नाहीत.

संध्याकाळी काठावर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे आले. हजारोंनी उठतात, वळतात, काळी सावली आभाळभर फिरते. इथे मोठ्या लेन्सचं २०० मिमीसुद्धा जास्त होतं, थवा चौकटीत मावेना. बाहेरच्या कप्प्यात ठेवलेली लहान लेन्स तेव्हा कामी आली, आणि लेन्स बदलायला काठाची कोरडी जमीन होती. होडीत, वाऱ्यात, मी लेन्स बदलत नाही. म्हणून दोन लेन्सेसची सोय असलेली बॅग घ्यावी, पण दुसरीचा कप्पा बाहेरून उघडणारा असावा. मोठ्या लेन्सच्या खाली पुरलेली लहान लेन्स असून नसल्यासारखी.

रात्री जेवणात चिलापी होती. उजनीच्या काठाला आल्यावर हा मासा चुकवू नये. तळलेली घ्या, रस्साही मागा, भाकरी दोन जास्त सांगा.

परतल्यावर बॅग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसली आणि सावलीत उघडी ठेवली. कॅनव्हासची बॅग मशिनमध्ये घालू नये, त्याचा पाणी अडवणारा थर निघून जातो. आतले फोमचे भाग मात्र काढून वेगळे वाळवावेत, नाहीतर त्या ओलीत लेन्सला बुरशी धरते, आणि पावसाळ्यात तर नक्कीच. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत. माशांचा वास अजून येतो. पत्नीने बॅगेची रवानगी गॅलरीत केली आहे.