१२ माणसं, १४ दिवस: आमच्या डफाच्या गेमची परवानगी

गेम बनवायला आठ महिने लागले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. राग आहे तो त्यानंतरच्या दोन महिन्यांचा. गूगल प्ले या अ‍ॅप स्टोअरवर गेम टाकायचा होता, तिथला नियम असा: खातं वैयक्तिक आणि नवं असेल, तर आधी किमान १२ जणांनी चाचणीत यायचं आणि सलग १४ दिवस त्यात राहायचं. मगच गेम सगळ्यांसाठी खुला करण्याचा अर्ज करता येतो. पूर्वी तर २० जण लागायचे. २५ डॉलर भरणं, ओळखपत्र देणं हे सगळं पटकन उरकलं. माणसं मात्र मिळेनात.

गेम साधा आहे. आमच्या खानदेशातल्या वहीगायनातला, म्हणजे डफावर गायल्या जाणाऱ्या लोकगाण्यांतला डफ मी आप्पांकडून, म्हणजे माझ्या चुलत आजोबांकडून वाजवून घेतला. स्क्रीनवर थाप वरून खाली येते, रेषेला टेकली की बोट मारायचं. मोकळी थाप उजवीकडे, दाबलेली डावीकडे. १९९६ मध्ये जपानात प्लेस्टेशनवर ‘पॅरॅपा द रॅपर’ आला, तेव्हापासून तालावर बटण दाबायचे गेम लोक खेळताहेत. त्यात आप्पांचा डफही वाजावा, एवढंच माझ्या मनात होतं.

कॉलेजच्या ग्रुपवर लिंक टाकली. अंगठे भरपूर आले, माणसं आली चार.

मग नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई, म्हणजे आमच्याकडची श्रावणातली देवी, बसली. सुरतचे काका, पुण्याची ताई, सगळी भाऊबंदकी गावाला जमली. रात्री जागरणाच्या वेळी ओसरीवर पाटावर फोन ठेवला, वायरने स्पीकर जोडला आणि भाच्याला खेळायला बसवलं. १९९८ मध्ये कोनामीने ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’चं यंत्र आणलं, तेव्हा खेळणाराच त्याची जाहिरात होता. एक जण नाचायचा आणि बघणारे भोवती उभे राहायचे. आमच्या ओसरीवर तेच झालं. अर्ध्या तासात पोरं, काकू, शेजारचे नाना सगळे पाटाभोवती, आणि ‘आता मला दे’ सुरू.

इथून खरा त्रास. चाचणीच्या यादीत प्रत्येकाचा जीमेल पत्ता घालावा लागतो, आणि लिंक त्याच पत्त्याने उघडावी लागते. आमच्या गावात निम्म्यांना आपला पत्ता माहीत नाही. फोन घेताना दुकानदारानेच खातं काढून दिलेलं. काकू म्हणाल्या, “मना जीमेल तर दुकानवालाकडे शे.” मग एकेकाचा फोन हातात घेतला, स्टोअर उघडून कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं आणि पत्ता वहीत उतरवला. रात्री दीडपर्यंत हेच काम. एकाच्या पत्त्यात शून्य होतं, मी इंग्रजी ओ लिहिला. लिंक उघडली की ‘पान सापडलं नाही’. ताईच्या फोनमध्ये दोन खाती, लिंक भलत्याच खात्याने उघडायची. हे समजायलाच पाऊण तास गेला. तुम्ही करणार असाल तर पत्ता हाताने उतरवू नका, त्याच फोनवरून स्वतःला व्हॉट्सअ‍ॅप करा.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, प्रसादाचे रोट खाऊन पाहुणे परतले, आणि माझ्याकडे बरोबर १२ झाले. रोज सकाळी उठल्या उठल्या तो आकडा बघायचो. नवव्या दिवशी ११ दिसले. सुरतला काकांच्या नातवाने लिंक पुन्हा उघडून ‘चाचणीतून बाहेर पडा’ दाबलं होतं. व्हिडिओ कॉल करून त्यांना परत आत घेतलं, पण त्यांचे १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून. नऊ दिवस पाण्यात. १२ वर कधीच थांबू नका, १६ तरी घ्या. मीही मग आणखी पाच जण जोडले.

शेवटी अर्ज केला. चाचणी कशी झाली, लोक काय म्हणाले, तुम्ही काय बदललं, असे प्रश्न असतात. मी दोन-दोन ओळींत उत्तरं दिली. नकार आला: पुरेशी चाचणी झालेली नाही, अजून १४ दिवस घ्या. बोलायला माणूस नाही, फोन नंबर नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या वेळी सगळं तपशिलात लिहिलं. नाना कानात ब्लूटूथ घालून खेळले आणि म्हणाले, “थाप मांगे पडी राहिनी.” बरोबर होतं त्यांचं. ब्लूटूथने आवाज सहज १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा पाव भाग १२५. म्हणजे चौगुणीत, एका ठोक्यात चार अशी वाजणारी थाप कानावर येईपर्यंत पुढची रेषेला टेकलेली असते. २००८ मध्ये ‘रॉक बँड २’च्या गिटारमध्ये ही तफावत मोजायला प्रकाश आणि आवाज टिपणारे सेन्सरच बसवले होते. माझ्याकडे तसलं काही नाही, म्हणून सुरुवातीला आठ थापा ऐकवून आठ वेळा बोट मारायला लावणारा पडदा केला. फरक मोजायचा आणि तेवढा वजा करायचा. हे सगळं अर्जात लिहिलं, कोणत्या दिवशी कोणी सांगितलं आणि मी कधी दुरुस्त केलं तेही. सहाव्या दिवशी मंजुरी आली.

एक राहिलंच. तुमची नोंदणीकृत संस्था असेल तर डन्स क्रमांक (संस्थांना दिला जाणारा ओळख क्रमांक) घेऊन संस्थेच्या नावाने खातं काढा, ही १२ जणांची अट त्याला लागत नाही. मला हे फार उशिरा कळलं.

मंजुरी आली त्याच संध्याकाळी फोन घेऊन आप्पांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंच नाही, डोळे मिटून पूर्ण फेरी ऐकली. मग म्हणाले, “तिसरी थाप ढिली शे. डफ तपाडीसन परत वाजाडू.” अंगणात पाचट पेटवली, डफ शेकला, आणि ती थाप आम्ही अंधार पडेपर्यंत नव्याने रेकॉर्ड केली. पुढच्या अपडेटमध्ये तीच आहे. अपडेटला १२ माणसं लागत नाहीत.